पाळी जाण्याच्या वयातलं फुगणारं पोट

फोंडा तालुक्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी कळवलं आहे. पत्रातला मुख्य मजकूर असा:

"माझं वय ४९. प्राथमिक शाळेत शिकवते. सात महिने झाले, पाळी आलेली नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, पण ते वयाचं म्हणून मी सोसते. चार महिन्यांपासून मात्र पोटाने हैराण केलंय. सकाळी पोट ठीक असतं, दुपारनंतर गच्च होत जातं आणि संध्याकाळी परकराची नाडी सैल करावी लागते. आधी हे सोमवारी जास्त व्हायचं. मासळी वातूळ असते असं शेजारणीने सांगितलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी ती सोडली, तर आता रोजच होतंय. सासूबाई ओव्याचं पाणी देतात. पुण्याची मुलगी म्हणते, दूध आणि गहू दोन्ही बंद कर. शाळा सकाळची, घाईत निघावं लागतं, पोट साफ होतंच असं नाही. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. त्यात आणखी गोळ्यांची भर नको वाटते. घरच्या घरी काही करता येईल का? आणि जाता जाता एक लिहिते, हल्ली अर्धी भाकरी खाल्ली तरी पोट भरल्यासारखं होतं. माझ्या सख्ख्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. हे म्हणतात, उगाच घाबरू नकोस."

ताई, तुम्ही जाता जाता जे लिहिलंत तिथूनच मी सुरुवात करते. घाबरू नका हे तुमच्या यजमानांचं म्हणणं योग्य आहे. पण न घाबरताही तपासणी करून घेता येते आणि ती तुम्ही करून घ्यावी, येत्या आठ-दहा दिवसांत. घरचे उपाय आजपासून सुरू करा, मी ते पुढे सविस्तर सांगणारच आहे. फक्त ते तपासणीच्या सोबत चालू द्या. ते करून बघू आणि मग ठरवू, असं नको.

कारण सांगते. अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला फारसा दुखत नाही. तो पोटाच्या अगदी साध्या तक्रारींच्या रूपात दिसतो: पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागणं. म्हणूनच बायका महिनोन् महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतात. ब्रिटनमध्ये २०११ साली डॉक्टरांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत असं सांगितलं आहे की या तक्रारी वारंवार, विशेषतः महिन्यातून १२ पेक्षा जास्त वेळा होत असतील तर त्या बाईची तपासणी करावी, आणि पन्नाशीच्या पुढे तर नक्कीच करावी. त्याच सूचनांत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. आतड्यांचा चिडका विकार, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, तो पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू होणं फार क्वचित घडतं. म्हणून या वयात नव्याने आलेल्या पोटाच्या तक्रारीला लगेच ते नाव देऊन मोकळं होऊ नये. तुम्ही ४९ वर्षांच्या आहात, तक्रार रोजची आहे, भूक लवकर भागते आहे आणि आईकडच्या नात्यात हा आजार होऊन गेला आहे. एवढ्यावर कोणताही चांगला डॉक्टर तुम्हाला सोनोग्राफी करायला सांगेल.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पोट फुगण्याची तक्रार असलेल्या बहुतेक बायकांना कर्करोग नसतो. तुमच्या पत्रात एक मोठी दिलासा देणारी खूण आहे: सकाळी पोट उतरलेलं असतं. गाठीमुळे किंवा पोटात पाणी साठल्यामुळे आलेला फुगवटा रात्रीत उतरत नाही, तो सकाळीही तसाच असतो आणि आठवड्यागणिक वाढत जातो. दिवस चढेल तसं फुगणारं आणि रात्रीत बसणारं पोट बहुधा आतड्यांचं असतं. तरीही अर्धी भाकरी आणि मावशी या दोन गोष्टी मी नजरेआड करणार नाही, तुम्हीही करू नका.

फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) स्त्रीरोग विभागात जा. डॉक्टरांना "पोट फुगतं" एवढंच सांगू नका. किती महिन्यांपासून, आठवड्यातले किती दिवस, लवकर पोट भरतं, मावशीचा आजार तिला साधारण कोणत्या वयात झाला, आईकडच्या आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला का, हे सगळं सांगा. पोटावरून सोनोग्राफी करायची तर लघवी तुंबवून बसावं लागतं. योनीमार्गातून करतात तिला मूत्राशय रिकामं लागतं आणि तिच्यात अंडाशय जास्त स्पष्ट दिसतात. ती सुचवली तर संकोच करू नका, थोडं अवघडल्यासारखं होतं पण पाच-दहा मिनिटांचं काम आहे. सोबत सीए-१२५ नावाची रक्ततपासणी सांगतील. तिचा आकडा थोडा जास्त आला म्हणून रात्रभर जागू नका. गर्भाशयातल्या साध्या गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), इतकंच काय चालू पाळी, यांनीही तो वाढतो. आकडा आणि सोनोग्राफी एकत्र बघूनच अर्थ लावायचा असतो. आणि एक: सात महिने पाळी नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असं अजून म्हणता येत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग ते नाव. तोवर दिवस जाण्याची शक्यता कमी असली तरी असते, तेव्हा डॉक्टरांनी ती तपासणी सांगितली तर हसण्यावारी नेऊ नका. आणि १२ महिने उलटल्यावर कधीही, थेंबभर जरी, रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

या वयात पोट का फुगतं? पाळी जायच्या आधीची काही वर्षं बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक एका पातळीवर राहत नाही, ते कधी चढतं, कधी कोसळतं. ते चढतं तेव्हा शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं. दुसरं संप्रेरक प्रोजेस्टेरॉन. बीज सुटत नाही त्या महिन्यात ते तयारच होत नाही. आतड्यांच्या भिंतींवर या दोन्ही संप्रेरकांना ओळखणाऱ्या जागा आहेत, त्यामुळे त्यांच्या चढउताराबरोबर आतड्यांची चालही बदलते, आणि बऱ्याच जणींची मंदावते. अन्न आत जास्त वेळ रेंगाळलं की मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जास्त वेळ काम करतात आणि वायू जास्त होतो. त्यात रात्रीची झोप मोडलेली. झोप नसली की आतडी हळवी होतात. आधी जो वायू जाणवतही नव्हता तोच आता टोचायला लागतो. म्हणून तुमचा घाम आणि तुमचं पोट हे दोन वेगळे विषय धरू नका. वाफांनी झोप रोज मोडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, "वयाचं आहे" म्हणून सोसण्यात काही पुण्य नाही आणि त्यावर उपचार आहेत.

तरीही सगळं संप्रेरकांच्या माथी मारायला मी तयार नाही, कारण तुमच्या पत्रातच मला याहून ठोस काहीतरी दिसतं. आधी पोट सोमवारी जास्त फुगायचं. मासळी सोडली तर रोज फुगायला लागलं. सोमवारी तुमच्याकडे शिवराक, म्हणजे बिनमासळीचं शाकाहारी जेवण असणार, दिवसभर उपास आणि रात्री जेवण. आणि आपल्याकडे शिवराक जेवणात ताटात काय येतं? चण्याचं, वाटाण्याचं किंवा अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे वाटण घातलेली दाट आमटी, नाहीतर मुगागाठी. मासळी बंद झाल्यावर भाताबरोबर रोज काहीतरी हवंच, तेव्हा ती जागा कडधान्यांनी घेतली असणार. मासळीत जिवाणूंनी आंबवण्यासारखी शर्करा नसतेच, त्यामुळे तिने वायू वाढत नाही. कडधान्यांत मात्र अशा शर्करा असतात ज्या पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे आंबतात. म्हणजे वातूळ म्हणून तुम्ही जे सोडलंत ते निर्दोष होतं आणि त्याच्या जागी जे आणलंत ते वायू करणारं आहे.

आता श्रावण चालू आहे. तुम्ही पाळत असाल तर पाळाच, पोटासाठी व्रत मोडायला मी सांगणार नाही. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की मासळी निःशंक परत आणा: बांगडा, तारल्या, पेडवे, मोरी, जे आवडतं ते, हुमण (कालवण) करून किंवा साध्या तव्यावर. तारल्या-पेडव्यांचे बारीक काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं, आणि या वयात हाडांना ते हवंच असतं.

तोवर कडधान्यं टाकून देऊ नका, शिवराक घरात प्रथिनं त्यांच्यातूनच येतात. करण्याची रीत आणि वाढण्याचं माप बदला. चणे, वाटाणे, अळसांदे रात्रभर भरपूर पाण्यात भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात शिजवा. वायू करणाऱ्या शर्करांचा बराच भाग भिजवणीच्या पाण्याबरोबर निघून जातो. पुष्कळ घरांत ते पाणी सत्त्व जाईल म्हणून तसंच शिजायला घालतात, तुमच्या पोटासाठी ते ओतलेलंच बरं. मोड आणले तर आणखी हलकं होतं. तोणाक वाटीभर न घेता अर्ध्या वाटीहून कमी, आणि तेही दुपारच्या जेवणात. रात्री मुगाच्या डाळीचं पातळ वरण, भात, एखादी भाजी. तांबडी भाजी, दुधी, भेंडी, पडवळ, काकडी यांच्यावर भर द्या. कोबी आणि फ्लॉवर सध्या बाजूला. काजू मूठमूठ खाण्याची सवय असेल तर तीही बघा. ओल्या काजूगरांची भाजी किंवा सुके काजू, दोन्हींत कडधान्यांसारख्याच शर्करा असतात.

सोमवारचा उपास स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. दिवसभर चहा, मध्ये साबुदाणा आणि शेंगदाणे, आणि रात्री भुकेल्या पोटी भरपूर जेवण, या क्रमाने धडधाकट पोटही फुगेल. उपास करायचाच तर दुपारी फळं आणि ताक घ्या, रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आत, नेहमीच्याच मापाने.

कांदा आणि लसूण यांच्याबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने २००५ पासून पुढे पोट फुगवणाऱ्या अन्नातल्या शर्करांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यात कडधान्यांबरोबर कांदा, लसूण आणि गहू ठळकपणे पुढे आले. तिघांतही एकाच जातीची शर्करा असते. ती पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. याचा स्वयंपाकघरातला उपयोग असा: लसणीच्या पाकळ्या तेलात परतून बाहेर काढून टाका, वास आणि चव तेलात राहते, पोटाला त्रास देणारा भाग बाहेर जातो. कांद्याचं वाटण काही दिवस कमी करा. खोबरं, धणे, तिरफळ आणि हिंग यांवर चवीला काही कमी पडत नाही.

आता तुमच्या मुलीचं. तिच्या काळजीपोटी तिने सांगितलंय, पण दूध आणि गहू दोन्ही एकदम बंद केलेत तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळणार नाही आणि दोन्ही कायमचं सोडून बसाल. एका वेळी एकच बदल करा. आधी दूध. वय वाढतं तसं दुधातली शर्करा पचवण्याची ताकद आपल्याकडे बऱ्याच जणांची कमी होते. दोन आठवडे पेल्याने पिण्याचं दूध, खीर आणि चहातलं जास्त दूध थांबवा, पण दही आणि ताक चालू ठेवा, कारण विरजताना जिवाणू त्या शर्करेचा काही भाग आधीच संपवतात. फरक पडला तर दुधाबद्दलचं तुमचं उत्तर मिळालं. नाही पडला तर दूध सुखाने परत घ्या. त्यानंतर गव्हाची पाळी. पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे आणि पोयी मी तुम्हाला एकदम सोडायला सांगणार नाही, पण सकाळी पाव, चहाबरोबर संध्याकाळी भाजी-पाव, आणि रात्री चपाती असं होत असेल तर गहू दिवसातून तीनदा होतो. त्याच्या जागी उकड्या तांदळाची पेज, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणा. नाचणीची आंबील रोज घेतली तरी चालेल: १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, म्हणजे दूध कमी केल्याची उणीव काही अंशी भरून निघते. भात बंद करण्याचा सल्ला कुणी दिलाच तर ऐकू नका. धान्यांत सगळ्यांत कमी वायू भाताने होतो.

आता मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे येते. तुम्ही शिक्षिका आहात. सकाळच्या शाळेसाठी साडेसहाच्या आसपास घर सोडत असाल. शाळेत स्वच्छतागृह बरं नसतं किंवा वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून पाणी कमी प्यायचं. शौचाची भावना झाली तर दाबून ठेवायची, वात दाबून ठेवायचा, दुपारी घरी येईपर्यंत ती भावना निघून गेलेली असते. कामाला जाणाऱ्या कित्येक बायकांचं हेच चालू असतं आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पाणी कमी आणि कळ दाबलेली, म्हणजे मळ कोरडा होतो, मागे साठतो, आणि त्याच्यामागे वायू अडकतो. तुमच्या संध्याकाळच्या पोटात याचा वाटा मोठा असणार असं मला वाटतं.

सकाळी २० मिनिटं लवकर उठा. उठल्यावर पेलाभर कोमट पाणी, मग थोडं काही खा, अगदी एक साळदाटी केळं किंवा अर्धी भाकरी. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, ही निसर्गाची योजना आहे, आणि सकाळी तिचा जोर सर्वांत जास्त असतो. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी शौचाला बसा, भावना नसली तरी रोज त्याच वेळेला, पण पाच-सात मिनिटांहून जास्त नाही आणि जोर काढून नाही. कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्या आणि थोडं पुढे वाका. गुडघे कमरेच्या वर आले की मार्ग सरळ होतो. जुन्या भारतीय बैठकीत हे आपोआप व्हायचं. आठवडाभरात फरक पडला नाही तर रात्री एक चमचा इसबगोल मोठ्या पेलाभर पाण्यात, घेतल्यावर आणखी पाणी. हळूहळू दोन चमच्यांपर्यंत वाढवा. तंतू एकदम वाढवले तर चार दिवस पोट अजून फुगतं, म्हणून सलाड, कोंडा आणि इसबगोल एकाच दिवशी सुरू करू नका. शाळेत पाण्याची बाटली टेबलावर ठेवा आणि संपवा. स्वच्छतागृहाची अडचण असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. ती तुमच्या एकटीची अडचण नसणार, सहकारी बायकांना बरोबर घेऊन बोललात तर जास्त सोपं जाईल.

लोहाच्या गोळ्याही बद्धकोष्ठ करतात, हे तुम्हाला देताना कुणी सांगितलं नसेल. त्या स्वतःहून बंद करू नका. पाळी जायच्या आधीच्या काळात पुष्कळ जणींना रक्तस्राव जास्त होतो आणि मग हिमोग्लोबिन उतरतं, तेव्हा त्यांची गरज खरी असते. पण डॉक्टरांना विचारा: दिवसाआड घेतली तर चालेल का? अलीकडे बरेच डॉक्टर तशी देतात, त्रास कमी होतो आणि लोह अंगी लागतं. गोळी आणि चहा यांच्यात तास-दोन तासांचं अंतर ठेवा. चहा लोह शोषू देत नाही, मग त्रास सोसून घेतलेली गोळी वाया जाते. कॅल्शियमची गोळीही चालू असेल तर ती वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर. तीही काही जणींना जड होते, मग दुसऱ्या प्रकारची मागून घ्या.

मिठाचं सांगायला हवं, कारण पावसाळा आहे. तुम्ही मासळी सोडलीत म्हणजे पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळीही गेली असेल, पण मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड, लिंबाचं लोणचं ताटात असणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, सगळं धरून. आपण त्याच्या पुढे सहज जातो. मिठामुळे धरलेलं पाणी बोटांत, चेहऱ्यावर आणि पोटावर दिसतं. आणि गॅस झाला म्हणून फेसाळणारी पूड किंवा लिंबू-सोडा घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. सोड्यात वायू असतो, पुडीत सोडियम भरपूर असतं. ढेकर आल्यावर क्षणभर बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

सासूबाईंच्या ओव्याला मी नाही म्हणणार नाही. ओवा, जिरं, बडीशेप, आलं यांनी आतड्यांची आकडी सैल होते, अन्न पुढे सरकतं, पुष्कळांना आराम पडतो. अर्धा चमचा ओवा पाण्यात उकळून जेवणानंतर कोमट घ्या. दिवसातून दोनदा पुरे. उपाशी पोटी कडक काढा करून पिऊ नका, जळजळ होते. सोलकढीही घ्या, लसूण न घालता आणि मीठ बेताने. हे सगळं वायूचा त्रास हलका करतं, तो मुळात होऊ नये म्हणून ताट आणि सकाळची वेळ हीच दोन ठिकाणं बघावी लागतील.

जेवल्यावर लगेच खुर्चीत किंवा वह्या तपासायला बसू नका. पंधरा मिनिटं चाला, सावकाश. पाऊस असेल तर बल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) किंवा घरातल्या घरात फेऱ्या मारा. चालण्याने वायू पुढे सरकतो, हे अगदी साधं आहे आणि औषधाइतकंच कामाला येतं. सकाळी अंथरुणातच पवनमुक्तासन दोन्ही बाजूंनी चार-पाच वेळा करा.

श्वासाचंही बघा. पोट फुगलेल्या पुष्कळ जणांत मोजला तर वायू इतरांएवढाच निघतो. फुगवटा येतो तो स्नायूंच्या चुकलेल्या मेळामुळे: पोटात भरल्यासारखं वाटलं की छातीखालचा श्वासपटल खाली ढकलला जातो आणि पोटाच्या पुढच्या स्नायूंना ढील मिळते. दिवसभर उभं राहून, मोठ्याने बोलून, वरवरचा श्वास घेणाऱ्या माणसाला हे जास्त होतं, आणि शिक्षिकेचं काम नेमकं तसंच आहे. दुपारी घरी आल्यावर जेवणाआधी पाच मिनिटं पाठीवर पडा, एक हात छातीवर, एक पोटावर, श्वास असा घ्या की पोटावरचाच हात वर उठेल, आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. मग जेवा, शांतपणे, चावून. मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवताना जी हवा गिळली जाते तीही शेवटी पोटातच जाते. आणि परकराची नाडी सकाळीच थोडी सैल बांधा. कमरेला काचलेलं असलं की जेवल्यावर पोटाला जागा मिळत नाही आणि आंबट पाणी वर येतं.

चवथीला नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, सगळं ताटात येणार आहे. खा, वर्षाचा सण आहे. फक्त खतखत्यात कंदमुळांबरोबर कडधान्यंही पडतात, तेव्हा त्या दिवशी वेगळं तोणाक नको, आणि फराळ जेवणाच्या जोडीने न खाता दोन जेवणांच्या मध्ये खा.

एका वहीत तीन आठवडे रोज तीन गोष्टी लिहा: काय जेवलात, पोट साफ झालं का, संध्याकाळी पोट किती फुगलं. ही वही, तोवर जेवढी लिहून झाली असेल तेवढी, डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या. सोनोग्राफी आणि रक्त ठीक आलं आणि सहा आठवडे हे सगळं नीट करूनही फरक पडला नाही, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. थायरॉइड मंदावला तरी बद्धकोष्ठ आणि फुगणं दोन्ही होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा रक्तदाबाची गोळी सुरू असेल आणि ती पत्रात लिहायची राहिली असेल, तर तीही डॉक्टरांना दाखवा. मधल्या काळात वजन आपोआप उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं, उलट्या होऊ लागल्या किंवा सकाळीही पोट उतरेनासं झालं तर सहा आठवडे थांबायचं नाही.

तुमच्या यजमानांना हे पत्र वाचायला द्या आणि सोनोग्राफीच्या दिवशी त्यांनाच बरोबर घेऊन जा. रिपोर्ट आला की मला कळवा, मी वाट बघते.